घरचीं भांडीं आणि संधानविद्या

हल्लीं टपालानें घरपोंच येणाऱ्या मालांत ‘आंबवणाचा संच’ म्हणून एक पेटी मिळूं लागली आहे. सुशिक्षित घरांतील हौशी तरुणमंडळी ती मोठ्या उत्साहानें मागवितात. पेटींत काय असतें? एक कांचेची बरणी, एक भोंक पाडलेलें बूच, पाणी भरून ठेवण्याची एक वांकडी नळी, गाळण्याचें एक फडकें आणि तापमान पाहण्याची एक कांडी. यांपैकीं नळी व कांडी सोडली तर राहिलेल्या प्रत्येक वस्तूचा थोरला भाऊबंद त्याच घराच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. आणि नळीचें व कांडीचें कामहि त्या घरांत पूर्वीं होत होतेंच, फक्त तें निराळ्या वस्तु करीत.

तरुणांच्या हौसेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. माळ्यावरचें सामान मोडीच्या भावानें विकणाऱ्या वडीलमंडळींसहि दोष देत नाहीं. घरें लहान झालीं, बिऱ्हाडें पांगलीं, तेव्हां हंडाभर लोणचें मावणाऱ्या बरण्या ठेवाव्या कोठें हा प्रश्न खराच आहे. परंतु घरांत असलेली वस्तु ओळखूं न आल्यामुळें बाहेर जावी आणि दुसऱ्या नांवानें पैसे देऊन परत यावी, यांत पैशांपेक्षां ओळखीचें नुकसान अधिक आहे. भांडें गेलें तर दुसरें आणतां येतें. तें कशासाठीं होतें आणि कशासाठीं नव्हतें, हें ठाऊक असलेलें माणूस गेलें म्हणजे तें ज्ञान बाजारांत मिळत नाहीं.

या संचांचा उगम पाश्चात्य देशांत आहे. इंग्लंडांत घरीं बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेंत १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें तशी मोकळीक मिळाली. तेव्हांपासून तिकडील हौशी लोकांनीं स्वयंपाकाचें मोठें पातेलें, सहलीस न्यावयाची बर्फाची पेटी, गाळण्याचीं पोतडीं अशा घरगुती वस्तूंनाच मद्यशाळेचीं उपकरणें बनविलें. आपणांकडे तो मार्ग कायद्यानें बंद आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि त्याच वर्षीं मुंबई दारूबंदी कायदा आला. आतां त्यास महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, आणि परवान्यावांचून मद्य करणें वा गाळणें हा त्याप्रमाणें गुन्हा आहे. तेव्हां घरीं मद्य कसें करावें हें सांगण्यासाठीं हा लेख नाहीं. आंबवणाची कला आपल्या घरांत परकी नाहीं, तिचीं साधनें चुलीभोंवतींच होतीं आणि त्या साधनांचे कांहीं कडक नियमहि होते, एवढें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

नासणें आणि आंबणें

एकाच उसाचा रस एका घरीं आंबतो आणि दुसऱ्या घरीं नासतो. दोन्हीकडे काम करणारे जीव डोळ्यांस न दिसणारेच असतात. फरक इतकाच कीं, एकीकडे आपणांस हवे ते जीव आधीं पोंचले आणि दुसरीकडे नको ते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यानें १८५७ पासून केलेल्या प्रयोगांनीं हें प्रथम नीट उलगडलें. पुढें १८९७ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुख्नर यानें यीस्ट वाळूबरोबर खलांत घोटलें, दाबयंत्रानें त्याचा रस पिळून काढला, आणि तो निर्जीव रस साखरेंत घातला तरी साखर फसफसते असें दाखविलें. आंबवण्याचें काम यीस्टच्या पोटांतील द्रव्यें करितात, हा त्याचा निष्कर्ष. त्याबद्दल त्यास १९०७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एवढ्या मोठ्या शोधाचा आरंभ आपल्या घरच्या खलबत्त्याच्याच जातीच्या साधनानें झाला, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

घरगुती व्यवहारापुरते आंबवणाचे तीन प्रकार पुरेत. पहिल्यांत यीस्ट साखरेचें अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायु करितें. हिशेबानें १०० ग्रॅम ग्लूकोजपासून ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम वायु निघतो. दुसऱ्यांत विशिष्ट जंतु दुग्धाम्ल तयार करितात. दहीं, कांजी आणि मिठाच्या पाण्यांतील लोणचीं हीं त्याचीं उदाहरणें. इडलीच्या व आंबोळीच्या पिठांत हे जंतु आंबटपणा आणतात आणि पीठ फुगवितातहि. तिसऱ्यांत अल्कोहोलाचें हवेच्या साहाय्यानें शिरक्यांतील आम्ल होतें. पहिल्या दोहोंस हवेची गरज नसते, तिसऱ्यास ती असावीच लागते. भांड्याचें तोंड बांधावें कीं उघडें ठेवावें, हा सारा प्रश्न येथेंच सुटतो.

वैद्याचें आसवपात्र

आयुर्वेदांत या विद्येस संधान असें नांव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौऱ्यांशीं आसवांची गणना केली आहे. पुढील काळांत रूढ झालेल्या भेदाप्रमाणें औषधांचा काढा करून आंबविला तर तें अरिष्ट, आणि न उकळतां आंबविलें तर तें आसव. शार्ङ्गधरसंहितेंत त्याचें सर्वसाधारण प्रमाण दिलें आहे: द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा आणि वरून घालावयाचें चूर्ण गुळाच्या दशांश. पूर्वींच्या वैद्यांच्या घरीं हें काम स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलींतच चाले.

कोल्हापूरच्या वैद्यास यासाठीं फार दूर जावें लागत नसे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं वसविलेली शाहूपुरीची पेठ गुळाच्या व्यापारानेंच नांवारूपास आली, आणि कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. आंबवणास लागणारी धायटीचीं फुलें पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या बाजूच्या डोंगरउतारांवर होतात. या लाल फुलांच्या मधावर रानटी यीस्ट वाढतें. म्हणजे फूल हेंच विरजण. गुळाच्या बाबतींत मात्र जाणते वैद्य काळसर व जुना गूळ पसंत करीत. बाजारांत पिवळाधमक दिसावा म्हणून ज्या गुळांत गंधकयुक्त रसायनाचा भडिमार होतो, तो आंबवणास कुचकामी ठरण्याचा संभव असतो. कारण गंधकाचा वायु जंतु मारतो आणि यीस्टलाहि जाचतो. दिसण्यांत उजवा गूळ या कामीं डावा ठरतो तो असा.

आतां भांड्याकडे पाहूं. आसवाचें मडकें नवें नसे. तें मुरलेलें असे. आंतून तूप चोळून जिरवीत, त्यामुळें मातीचीं छिद्रें बुजत व द्रव पाझरत नसे. मग सुगंधी द्रव्यांचा धूप देत. धुरानें आंतील बुरशी व उपद्रवी जंतु कमी होत. द्रव भरावयाचा तो तीन चतुर्थांशच, कारण वर फेंस येतो. तोंडावर परळ ठेवून सांधा कापडमातीनें लिंपीत. येथें कोणी शंका घेईल कीं, आंतील वायु मग जातो कोठें? एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारें पाव लिटर वायु होतो, म्हणजे मडक्यांतील गुळापासून शेंकडों लिटर व्हावयाचा. याचें उत्तर कापडमातींत आहे. ती सछिद्र असते; आंतला वायु तिच्यांतून हळूहळू झिरपतो आणि बाहेरची चिलटें आंत जात नाहींत. संचांतील वांकड्या नळीचें काम हेंच. मडक्याचें हें शहाणपण न ओळखतां जे कोणी फसफसणारा रस घट्ट झांकणाच्या कांचेच्या बाटलींत कोंडतात, त्यांच्या फडताळांत एखादे रात्रीं स्फोट होतो आणि कांचा घरभर उडतात. लहान मुलें वावरणाऱ्या घरांत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

लिंपलेलें मडकें धान्याच्या कणगींत अथवा जमिनींतील खड्ड्यांत पंधरवडा ते महिनाभर ठेवीत. यांत गूढ कांहीं नाहीं. धान्याचा ढीग बाहेरची उष्णता आंत शिरूं देत नाहीं व आंतली बाहेर पडूं देत नाहीं. म्हणून दिवसरात्रीं ऊब एकसारखी राहते. यीस्टला साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब मानवते आणि चढउतार मानवत नाहीं. तापमानाची कांडी नसलेल्या काळांत कणगी ही अशी कामास येई.

आंबवण पुरें झालें कीं नाहीं हें पाहण्याच्या कसोट्याहि घरगुतीच होत्या. मडक्यास कान लावून आंतला आवाज थांबला आहे का तें ऐकावें. तोंडाशीं जळती काडी न्यावी, ती विझली तर वायु अजून निघत आहे, जळत राहिली तर थांबला आहे. चुन्याच्या निवळींत तो वायु सोडला तर निवळी दुधासारखी पांढरी होते, ही आणखी एक. शाळेच्या प्रयोगशाळेंत मुलें हेंच करितात. विड्याच्या तबकांतील चुना मात्र त्यांस आठवत नाहीं.

औषधी आसवें घरीं करावींत असें आमचें म्हणणें नाहीं. तयार आसवांत साधारणतः शेंकडा ५ ते १० अल्कोहोल असतें. त्यांतील द्रव्यांची निवड व मात्रा हें वैद्याचें काम, आणि विक्रीसाठीं करावयाचीं तर तें परवानाधारक औषधशाळेचें. आम्हांस त्यांतून घ्यावयाची आहे ती फक्त भांड्यामागची दृष्टि.

दोन मडक्यांचीं यंत्रें

ही दृष्टि रसशास्त्रांत तर पदोपदीं दिसते. तेथें ज्यांस यंत्र म्हटलें आहे त्यांतील बरींच यंत्रें कुंभाराच्या आव्यांतून निघालेलीं साधीं भांडीं आहेत. मडक्याच्या तोंडावर आडवी काठी ठेवून तिला औषधाची पुरचुंडी टांगली कीं दोलायंत्र झालें. दोन मडकीं तोंडास तोंड लावून सांधलीं, खालीं जाळ लावला व वरच्यावर ओलें फडकें ठेवलें कीं डमरूयंत्र. हिंगुळांतून पारा काढावयाचा तो याच यंत्रानें. पाऱ्याची वाफ विषारी असल्यामुळें हा प्रयोग घरांत कोणीं करूं नये हें सांगावयास नकोच. मडक्यांत वाळू भरून तींत कुपी पुरली कीं वालुकायंत्र; आणि कुकरमध्यें वाळूचा थर देऊन केक भाजणारी गृहिणी नकळत त्याच यंत्राचा उपयोग करीत असते. वाळू जाळाचा तडाखा स्वतःवर घेते आणि आंतल्या पदार्थास सौम्य व सारखी आंच देते.

डमरूयंत्राच्या वरच्या मडक्यास नळी जोडली कीं अर्क गाळण्याचा भबका होतो. गोव्यांत काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस पूर्वीं मातीच्याच भाणांत उकळीत आणि वाफ दुसऱ्या मडक्यांत थंड करीत. आतां भाण बहुधा तांब्याचा असतो. पहिल्या धारेचा तो उराक आणि पुनः गाळला म्हणजे फेणी. या काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथें तो कायदेशीर व परंपरागत धंदा आहे. आपणांकडे तेंच मडकें ओढ्याकांठीं लपूनछपून चढतें तेव्हां त्याचें काय होतें, तें वर्तमानपत्रांतून आपण वाचतों. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्या दारूंत मिथेनॉल होतें. साखर आंबवून मिथेनॉल सहसा घातक प्रमाणांत होत नाहीं. तें कारखान्यांत वापरावयाचें रसायन असून स्वस्तांत नशा वाढविण्यासाठीं बाहेरून मिसळलें जातें. शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल होतें, तें आधीं दृष्टि नेतें आणि मग प्राण. मेलेलीं बहुतेक माणसें हातावर पोट असणारीं होतीं. भांड्यांत काय गेलें हें पिणाऱ्यास ठाऊक नसणें, हेंच त्यांच्या मरणाचें कारण. घरच्या बरणीच्या बाबतींत आम्ही जी काटेकोर ओळख मागतों आहों, ती नसली तर काय होतें याचें याहून दारुण उदाहरण नाहीं.

भांड्याचा धर्म

कोणत्या भांड्यांत काय ठेवावें याचे नियम जुन्या घरांत सुनेस पहिल्या वर्षींच पाठ होत. त्यांचीं कारणें क्वचित् सांगितलीं जात, म्हणून पुढें ते नियम सोवळ्याच्याच सदरांत पडले आणि सोवळें सुटतांच तेहि सुटले. कारणें अशीं आहेत.

तांबें व पितळ यांस आंबट पदार्थ चालत नाहीं. ताक, चिंच, कोकम किंवा आंबणारा रस त्यांत राहिला तर तो कळकतो. धातु विरघळून हिरवट क्षार होतात आणि ते पोटांत गेले तर ओकाऱ्या होतात. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो शाबूत असेपर्यंत भांडें स्वयंपाकास चालतें, पण आठवड्यागणिक मुरणाऱ्या आंबट पदार्थास तेंहि नको. आज कल्हईवाला दारावर क्वचितच येतो, म्हणून माळ्यावरून उतरलेलें पितळी पातेलें कितीहि देखणें असलें तरी आंबवणाच्या कामीं तें बाद समजावें. अ‍ॅल्युमिनियमचेंहि तसेंच. लोखंडानें रस काळा पडतो. स्टेनलेस स्टील, कांच आणि चिनी मातीची बरणी हीं निर्धोक. बरणीच्या आंतील झिलई तडकलेली नसावी. तड्यांत मागल्या वर्षींचे जंतु बसतात व कितीहि धुतलें तरी निघत नाहींत. आंतून रंगीत नक्षी असलेलें शोभेचें भांडें वापरूं नये, कारण कांहीं रंगांत शिसें असतें.

बाकीचीं साधनें तर हाताशींच आहेत. रोवळींत दुहेरी फडकें घातलें कीं उत्तम गाळणी. पुरणयंत्रानें फळाचा गर आणि चोथा वेगळा होतो. मुंग्या लागूं नयेत म्हणून बरणी पाण्याच्या परातींत ठेवावी अथवा लहान मडकें शिंकाळ्यांत टांगावें. चुलीचा वैल ही मंद ऊब देणारी जागा असे. गॅसच्या शेगडीस वैल नाहीं, पण दिवा लावलेलें बंद कपाट किंवा पेंढ्यानें भरलेलें खोकें तें काम करितें. आणि विरजणापूर्वीं दुधांत बोट घालून पाहणारी आजी ही आपल्या परीनें तापमानाची कांडीच होती.

उसाचा शिरका

हें सारें एकत्र वापरून पाहावयाचें असेल तर कोल्हापुरच्या घरास उसाच्या शिरक्याइतका सोपा प्रयोग दुसरा नाहीं. गुऱ्हाळें चालू असतात त्या थंडीच्या दिवसांत ताजा रस आणावा, गाळावा व स्टीलच्या पातेल्यांत उकळून वरची मळी काढून टाकावी. रसांत साखर साधारणतः शेंकडा १५ ते १८ असते. शिरक्यास एवढी लागत नाहीं, म्हणून तीन भाग रसास एक भाग पाणी घालून पुनः एक उकळी द्यावी. कोमट झाल्यावर चिमूटभर पावाचें यीस्ट घालावें. मिश्रण बरणींत तीन चतुर्थांश भरावें, तोंड बांधावें आणि झांकणांतून रबरी नळी काढून तिचें टोंक पाण्याच्या वाटींत बुडवावें. आठ-दहा दिवसांनीं वाटींतले बुडबुडे थांबतात.

हा मधला टप्पा होय. या अवस्थेंतील रस म्हणजे मद्यच. तो राखून ठेवणें वा पिणें हें या प्रयोगाचें काम नाहीं, आणि मुलांच्या हातीं तो लागूं देऊं नये. त्याच दिवशीं वरचा निवळ रस रुंद तोंडाच्या दुसऱ्या बरणींत अर्ध्यापर्यंत ओतावा, त्याच्या चौथाईइतका न तापविलेला जुना शिरका विरजण म्हणून घालावा आणि तोंडावर फक्त पातळ फडकें बांधावें, म्हणजे हवा जाईल व चिलटें जाणार नाहींत. आतां नळी नको, घट्ट झांकणहि नको. कांहीं दिवसांत वर साय धरते. ती मोडूं नये. एक ते तीन महिन्यांत वास व चव शिरक्याची होते. मग गाळून, वाफ येईपर्यंत तापवून, बाटल्यांत भरावा. सायीवर हिरवी वा काळी लव दिसली तर मात्र मोह न धरतां सगळा ओतून द्यावा.

एक सावधगिरी शेवटीं सांगितली पाहिजे. बाजारांतील शिरक्यांत आम्लाचें प्रमाण शेंकडा ३.७५ पेक्षां कमी असूं नये असा नियम आहे. घरच्या शिरक्याचें प्रमाण मोजल्यावांचून कळत नाहीं; म्हणून तो कोशिंबिरीस व रोजच्या स्वयंपाकास वापरावा, वर्षभर टिकवावयाच्या लोणच्याची भिस्त त्यावर ठेवूं नये.

बरणीवर तारीख घालावी. त्याच वेळीं एक लहान वही करावी आणि घरांतील प्रत्येक मोठ्या भांड्याचें नांव, त्याचें माप, त्यांत काय ठेवीत आणि काय कधींच ठेवीत नसत, हें सर्वांत वडील बाईस विचारून तींत लिहून काढावें. त्या विचारण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. उत्तरें बहुधा फार थोडक्यांत येतील: ‘ह्यांत आंबट नको,’ ‘हिचें तोंड करकचून बांधूं नका,’ ‘ही कणगीपाशीं ठेवा.’ त्या प्रत्येक वाक्यामागें वर सांगितलेलें एकेक कारण आहे; तें मुलांनीं शेजारीं लिहावें. मग त्यांतील कोणतीं भांडीं ठेवावयाचीं व कोणतीं काढावयाचीं, हें ठरविणें कठीण जाणार नाहीं.